स्प्रिंग लावून उंबरठा चढता येत नाही

नमस्कार मंडळी. मला सांगितलंय की फायनल इयरची मुलं आहेत आणि दरवर्षी दोन-तीन ग्रुप तरी व्हीलचेअरचा प्रोजेक्ट घेतातच, आणि त्यातला एखादा चारही चाकांना बाइकचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावून मोकळा होतो. हसताय म्हणजे केलंय कोणीतरी. तर त्याच्याबद्दलच बोलू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत थांबायला नको: धक्का खाणं वेगळं आणि अडथळा चढणं वेगळं. स्प्रिंग पहिलं काम करते, तेही व्हीलचेअरवर अर्धवटच. दुसरं काम चाकाचा व्यास, वजन कुठे पडतंय आणि चाक कुठल्या वाटेने वर जातं यावर ठरतं.

फुटपाथच्या आधी बाथरूम घेऊ. आपल्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटची पट्टी असते बघा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून लावलेली, समजा २० मिलिमीटर उंच. चालणाऱ्याला ती दिसतही नाही. आता पुढे पाच इंची कॅस्टर, म्हणजे कुठेही वळणारी छोटी चाकं, असलेली चेअर घ्या, म्हणजे चाकाचा व्यास १२७ मिलिमीटर, त्रिज्या साडेत्रेसष्ट. पट्टीची कड चाकाला जिथे टेकते तिथून आसापर्यंत रेष काढा, ती उभ्या रेषेपासून जवळपास ४७ अंश कललेली येते. म्हणजे पट्टी त्या चाकाला वर ढकलते त्याच्यापेक्षा मागे जास्त ढकलते. वहीवर फोर्स डायग्राम काढलीत तर कॅस्टरवर जेवढं वजन असेल त्याच्या १.०६ पट आडवा जोर लागतो असं येईल. तेच चाक आठ इंची घेतलं, हॉस्पिटलच्या जड स्टीलच्या चेअरला असतं तसलं, तर पाऊण पट. आणि मागचं २४ इंची चाक त्याच पट्टीवरून ०.३८ पटीत निघून जातं. पट्टी तीच, माणूस तोच.

आता वजन घाला. माणूस आणि चेअर मिळून ९० किलो, त्यातलं ४० टक्के पुढे पडतंय असं धरा, म्हणजे ३६ किलो कॅस्टरवर, आणि दोन्ही कॅस्टर एकदम आपटले तर ३८ किलोचा आडवा जोर. मागच्या चाकाचा आस थोडा पुढे सरकवला आणि कॅस्टरवर २० टक्केच ठेवलं तर तोच जोर १९ किलो. दोन-चार नट सैल करून आस सरकवायचा, बस, स्प्रिंग नको की काही नको. फुकट मात्र काहीच मिळत नाही, आस जितका पुढे तितकी चेअर मागे उलटायला सोपी, म्हणून अँटी-टिपर, म्हणजे मागे उलटू नये यासाठीचे छोटे टेकू, लावतात, आणि ते अँटी-टिपर खाली असले की उंच कड चढताना तेच आधी अडतात. असं आहे सगळं.

गंमत बघा, एनर्जी कमी पडते असं नाहीच. ते ३६ किलो २० मिलिमीटर उचलायला ७ ज्यूल लागतात. चालण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला एक मीटर, येणाऱ्या ९० किलोच्या चेअरकडे ४५ ज्यूल असतात. मग अडतं कुठे? दिशेत. ती ताकद वर जायला वापरली जात नाही, चेअर जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे जातो. ज्यांना ट्रंक कंट्रोल नाही, म्हणजे पोटा-पाठीच्या स्नायूंवर ताबा नाही, ते सरळ गुडघ्यावर येतात.

आता स्प्रिंग लावू. कॅस्टरच्या फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात, उभी स्प्रिंग घातली तर ती फक्त उभ्या दिशेत दबते आणि धक्का येतोय समोरून, ४७ अंशातून, मग त्याचा आडवा भाग स्प्रिंगकडे जातच नाही, सरळ फोर्कच्या दांड्यावर आणि तिथून फ्रेमवर. म्हणून कॅस्टरसाठी जे फोर्क नीट चालतात त्यात छोटा आर्म असतो, तो ज्याभोवती फिरतो तो पिव्हट चाकाच्या वर आणि जरा पुढे, मध्ये रबराचा किंवा पॉलियुरेथेनचा गट्टू. चाक आपटलं की ते वर आणि मागे असं एकाच हालचालीत जातं. माउंटन बाइकवाले ज्याला हाय पिव्हट म्हणतात तीच कल्पना. गट्टू आत उष्णतेत थोडी एनर्जी घालवतो म्हणून वेगळा डॅम्पर लागत नाही, आणि वजन वाढलं तरी थोडकंच. प्रोजेक्टमध्ये एकच गोष्ट नीट करायची असेल तर ही करा, चाकाच्या आसाची वाट कागदावर काढा. मी परीक्षक असेन तर आधी तो कागद मागेन.

आणि आराम? तिथेही आकडे निर्दय आहेत. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेतली ४ ते ८ हर्ट्झची थरथर सगळ्यात जास्त लागते, शरीराला बसणाऱ्या थरथरीचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ २६३१, त्यात कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती वजन द्यायचं ते तसंच दिलंय. ४ हर्ट्झ अडवायचे तर सस्पेन्शनची स्वतःची फ्रिक्वेन्सी २.८ च्या खाली पाहिजे, आणि २.८ हर्ट्झची स्प्रिंग म्हणजे नुसतं बसल्यावरच ३२ मिलिमीटर खाली बसणार. २ हर्ट्झ म्हणाल तर ६२. सहा सेंटीमीटर सीट खाली गेली की टेबलाची उंची चुकते, बेडवर सरकताना चेअर हलते, एका बाजूला हात लांब केला की पूर्ण चेअर कलते, मागच्या चाकाची रिम हाताने ढकलताना दर वेळी अर्धा जोर स्प्रिंग दाबण्यात जातोय असं वाटतं. मग कंपनी काय करते, स्प्रिंग कडक करते, प्रवास एक-दोन सेंटीमीटर ठेवते, आणि फ्रिक्वेन्सी नेमकी त्या ४ ते ८ च्या आसपास जाऊन बसते. थरथर कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते! अमेरिकेत पिट्सबर्गला यावर बरंच काम झालंय, तिथेही सस्पेन्शनवाल्या मॅन्युअल चेअर सरसकट चांगल्या निघाल्या नाहीत.

तसं पाहिलं तर आपल्या फोल्डिंग चेअरमध्ये सस्पेन्शन आहेच, कोणी ते सस्पेन्शन म्हणून विकत नाही एवढंच. एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज यांनी १९३३ मध्ये एक्स-फ्रेमची घडीची चेअर आणली, ती घडी व्हावी म्हणून. पण तो एक्स थोडा पिळतो, त्यामुळे वाकड्यातिकड्या जमिनीवरही चारही चाकं टेकलेली राहतात. रिजिड, म्हणजे घडी न होणाऱ्या फ्रेमची महाग चेअर तीनच चाकांवर उभी राहते, चौथं हवेत. एक पाय लहान असलेलं टेबल आठवा.

आता फुटपाथ. आयआरसी १०३, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं, म्हणतात की कर्बची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. म्हणजे १५० पर्यंत चालते, आणि १५० ला २४ इंची चाकालासुद्धा त्याच्यावरच्या वजनाच्या १.७ पट जोर लागतो, शिवाय कॅस्टर आधी व्हीली करून, म्हणजे मागच्या दोन चाकांवर तोल सांभाळत, वर ठेवावे लागतात. दंडात ताकद असलेला आणि सराव असलेला माणूस हे करतो, बाकी सगळ्यांना मागून कोणीतरी लागतो, मागच्या पाइपवर पाय देऊन चेअर कलवणारा. आणि रॅम्प असला तरी त्याच्या पायथ्याला गटाराची जाळी, तिच्या फटी बरोबर चालण्याच्या दिशेत, कॅस्टर अख्खा आत. जाळी ९० अंशात फिरवून बसवायला काही खर्च येत नाही हो.

पॉवर चेअरची गोष्ट वेगळी, कारण तिथे मोटर आहे. मिड-व्हील ड्राइव्हला सहा चाकं असतात, ड्राइव्ह व्हील मधोमध, म्हणून लिफ्टमध्ये जागच्या जागी वळते. पण रॅम्पच्या पायथ्याच्या खळग्यात पुढचे-मागचे कॅस्टर टेकतात आणि मधलं चाक हवेत फिरत बसतं. त्यावर उपाय म्हणजे मोटर आणि पुढचा कॅस्टर एकाच आर्मवर बांधायचे. मोटरने जोर लावला की उलट टॉर्क आर्मला फिरवतो आणि कॅस्टर उचलला जातो, म्हणजे चेअर स्वतःच पाय उचलते. ब्रेक मारला की उलटं, नाक खाली, म्हणून उतारावर आर्म लॉक करायची सोय लागते. एवढं करून साधारण ५ ते ७ सेंटीमीटर चढते.

कोणीतरी आता मार्स रोव्हर म्हणणार, दरवर्षी म्हणतात. रॉकर-बोगी, म्हणजे त्या रोव्हरची सहा चाकं जोडणारी दांड्यांची रचना, जबरदस्तच आहे, त्यात एकही स्प्रिंग नाही, हे माझ्या बाजूचं. पण त्यातला क्युरिऑसिटी रोव्हर सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर चालतो, त्या वेगाने तुम्ही सिग्नल ओलांडून दाखवा. अमेरिकन संशोधक डीन कामेनच्या आयबॉट या पॉवर चेअरने चाकांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरवून पायऱ्याही चढून दाखवल्या, २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, किंमत २५ हजार डॉलरच्या वर, २००९ ला बंद, २०१९ ला परत आली. आपल्याकडे मला जास्त शहाणपणाचं वाटलं ते आयआयटी मद्रासमधून आलेलं निओबोल्ट. पुढे एक मोठं मोटरचं चाक चेअरला अडकवायचं, कॅस्टर जमिनीवरून उचललेच जातात. ज्याने त्रास होतो तेच काढून टाकलं!

मागून प्रश्न आलाय की टेस्ट कशी करायची. व्हीलचेअरच्या चाचण्यांचं मानक आयएसओ ७१७६, त्याच्या आठव्या भागात आहे: चेअर दोन ड्रमवर ठेवतात, ड्रमवर १२ मिलिमीटरच्या पट्ट्या, २ लाख फेऱ्या, मग ५० मिलिमीटरवरून ६,६६६ वेळा खाली सोडायची. कॉलेजमध्ये तेवढं जमणार नाही, पण एक ग्रॅनाइटची पट्टी आणि लगेजचा स्प्रिंग काटा तर जमेल. चेअरवर गोण्या ठेवा, फ्रेमला दोरी बांधून सावकाश ओढा, कॅस्टर चढताना काटा किती दाखवतो ते लिहा, मग आस सरकवून परत, मोठा कॅस्टर लावून परत. ब्रेकडाउन बघायचं असेल तर फोर्कचा दांडा फ्रेमला जिथे जोडलाय तिथलं वेल्डिंग आणि बेअरिंग बघा, तडा तिथे लवकर येतो. आणि टायरमध्ये हवा नीट भरा आधी, नाहीतर सगळे आकडे चुकतील.