म्यूलर : गिरणीतून आलेलं आडनाव

(दृश्य : ओढ्याकाठी फिरणारं लाकडी चाक. आत दळणाच्या दगडी तळ्या.)

खालची तळी जागची हलत नाही, वरची तिच्यावर फिरते. मधली फट अगदी बारीक. तळ्यांवरच्या खाचा झिजल्या की पीठ तापतं, म्हणून वरची तळी उचलून टाकी लावावी, म्हणजे खाचा पुन्हा कोरून घ्याव्या लागतात. धान्य संपल्यावरही तळ्या फिरत राहिल्या, तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतात. हवेत तरंगणारं पीठ पेटलं की गिरणी गेलीच. हे सगळं डोळ्यांत तेल घालून सांभाळणारा माणूस म्हणजे जर्मन भाषेत ‘म्यूलर’.

मध्ययुगात अनेक जहागिरींत शेतकऱ्याला धन्याने ठरवलेल्या गिरणीतच दळण टाकावं लागे. दळणावळ म्हणून गिरणीवाला धान्यातलाच वाटा काढून घेई. लहान गावात गिरणीवाला बहुधा एकच, त्यामुळे ‘म्यूलर’ म्हटलं की माणूस कळे. पण गावोगावी हीच ओळख आडनाव झाली, आणि आज म्यूलर हे जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे. गावात पुरणारी ओळख देशात अपुरी पडते.

उच्चारताना जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. रोमन लिपीत ‘यू’वर दोन टिंबं येतात, ती नसतील तर ‘यू-ई’ लिहितात. टिंबं नुसती गाळली, तर तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही.

(दृश्य : ऋग्वेदाचं मुद्रित पान.)

१८२३ साली जर्मनीतल्या डेसाऊमध्ये जन्मलेल्या संस्कृत पंडित फ्रीडरिख मॅक्स म्यूलर यांना हे आडनाव फारच सामान्य वाटे. त्यांनी ‘मॅक्स’ आडनावालाच जोडून घेतलं. सायणाचार्यांच्या भाष्यासह ऋग्वेदाचे त्यांनी संपादित केलेले सहा खंड १८४९ ते १८७४ या काळात छापले गेले. एका ग्रंथासाठी पंचवीस वर्षं! राजद्रोहाच्या शिक्षेत असलेल्या लोकमान्य टिळकांच्या सुटकेसाठी अर्ज करणाऱ्यांतही ते होते. पुण्या-मुंबईतली जर्मन भाषा शिकवणारी मॅक्स म्यूलर भवनं त्यांच्याच नावाची.

नोबेलच्या यादीतही हे आडनाव पुन्हापुन्हा भेटतं : १९४८ला डीडीटीची कीटकनाशक शक्ती ओळखणारे पाउल, १९८७ला अतिवाहकतेच्या, म्हणजे विजेला जराही अडथळा न करणाऱ्या पदार्थांच्या, शोधासाठी अलेक्स, २००९ला रुमानियात जन्मलेल्या लेखिका हेर्टा. पाउल आणि अलेक्स तर स्वित्झर्लंडचे.

(दृश्य : म्युनिक, ७ जुलै १९७४.)

फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, ४३वं मिनिट. चेंडू गेर्ड म्यूलरच्या पायाला लागून किंचित मागे सरकतो. तो वळतो, जमिनीलगत फटका मारतो आणि पश्चिम जर्मनी २-१ने पुढे जाते. पाठीवर १३ क्रमांक.

२०१०च्या विश्वचषकात पाठीवर तेच आडनाव आणि तोच १३. थोमास म्यूलरने पाच गोल केले. गेर्डशी त्याचं नातं काहीच नाही.