अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागतो का?

राम राम मंडळी.

हा कागद बघा. (कागद कॅमेऱ्याजवळ धरून) शंभराचा स्टॅम्प, खाली नोटरीचा शिक्का आणि दोन सह्या. जळगाव असो, भुसावळ असो की धुळं, भाड्याने खोली घेतली की बहुतेकांच्या हातात हाच कागद पडतो. मालक म्हणतात, "अकरा महिन्यांचाच तर आहे, रजिस्टर कशाला करायचा?" आणि आपण मान डोलावतो.

तर नीट ऐका. करार रजिस्टर करावाच लागतो.

अकरा महिन्यांचा हा समज आला कुठून? 1908 च्या केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणून लोकांनी एक महिना कमी केला. पण आपल्या राज्याचा भाडे नियंत्रण कायदा वेगळा आहे. तो 1999 चा, 31 मार्च 2000 पासून लागू झालेला. त्याचं कलम 55 सांगतं की करार भाड्याचा असो नाहीतर लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या वापराच्या परवानगीचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर त्यांना तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय नोंदवलेला करार नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

मग भाडेकरूला न नोंदवलेलंच बरं की! विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलानं मला हेच विचारलं. पण बाबा रे, ते कोर्टाच्या पायरीवर गेल्यावर. डिपॉझिटच्या पंधरा-वीस हजारांसाठी कोर्टात जातो कोण?

मीच गेले नव्हते. कॉलेजात असताना आम्ही तिघी मैत्रिणींनी खोली घेतली होती. डिपॉझिट रोख दिलं, पावती नाही. खोली सोडताना मालकांनी खिडकीखालची भिंत दाखवली. मे महिन्यातला कूलर, त्यातून ठिबकलेलं पाणी, भिंतीवर गंजाचा तांबडा ओघळ. "रंगाचा खर्च कोण देणार?" म्हणत निम्मे पैसे कापले. तो ओघळ आमच्या आधीपासून होता. पण आमच्याकडे एक फोटोसुद्धा नव्हता. आजही आठवलं की वाईट वाटतं, कारण त्यातला माझा वाटा आईनं साठवलेल्या पैशांचा होता.

म्हणून सामान आत नेण्याआधी मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा. भिंती, नळ, पंखे आणि वीजमीटरचं रीडिंगसुद्धा. तो मालकांना त्याच दिवशी पाठवा. डिपॉझिट बँकेतून द्या, आणि ते किती दिवसांत परत मिळेल हे करारात लिहून घ्या. दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही असं फिरत असतं, ते केंद्राच्या 2021 च्या नमुना भाडे कायद्यातलं आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय ते लागू होत नाही, त्या भरवशावर राहू नका.

आता कराराचं शीर्षक वाचा, हे फार जण वाचत नाहीत. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे वापराची परवानगी. मुदत संपली की जागा सोडायची. अडून बसलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे ठरलेल्या फीच्या दुप्पट दरानं भरपाई द्यावी लागते. पण म्हणून मालकांनी सामान बाहेर फेकायचं, कुलूप बदलायचं, हे चालत नाही. त्यांनाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो.

लायसन्सवर नाही, रीतसर भाडेकरू असाल तर संरक्षण मोठं आहे. भाड्याची पावती मिळालीच पाहिजे. वीज-पाणी तोडून छळता येत नाही. इथे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको! कलम 29 खाली तो गुन्हा आहे. दुरुस्ती मालक करत नसतील तर 15 दिवसांची लेखी नोटीस द्या, मग स्वतः करून खर्च भाड्यातून कापा, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. हा कायदा ठरावीक शहरांना लागू आहे, प्रत्येक खेड्याला नाही, तेव्हा आपल्या गावाचं वकिलाकडून विचारून घ्या.

आणि आपली बाजू? भाडं वेळेवर. थकलं तर मालक लेखी नोटीस देतात आणि 90 दिवसांनी दावा करू शकतात. खोली परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही, विचारल्याशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. यातल्या कशानंही घर जाऊ शकतं. मालकांनी पोलिस ठाण्यात माहिती द्यायला आधार मागितला तर द्या, चिडू नका. जागा बघायला आधी सांगून, योग्य वेळी आले तर तोही त्यांचा हक्कच.

खर्चाची धास्ती घेऊ नका. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या 0.25 टक्के, साध्या घराला काहीशे रुपये. नोंदणी फी शहरात 1,000, ग्रामीण भागात 500. ऑनलाइन, घरी बसून अंगठा देऊन होतं.

व्हिडिओ थांबवा आणि तुमचा करार काढा. दुय्यम निबंधकाचा, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा, दस्त क्रमांक त्यावर आहे का बघा. नसेल तर मालकांना फोन लावा, आणि अर्धी फी तुम्ही द्याल असं त्यांना सांगा.