कबुतरांची विष्ठा आणि विश्वाचा जुना उजेड

[जुना टीव्ही, पडद्यावर मुंग्या]

चॅनेल लागलं नाही की पडद्यावर अशा मुंग्या यायच्या. त्यांतल्या मोजक्या मुंग्या 1380 कोटी वर्षांचा प्रवास करून आलेल्या असत.

[होल्मडेलचा कर्णा, जवळून]

अमेरिकेत न्यू जर्सीतला हा अजस्र कर्णा, म्हणजे रेडिओ लहरी पकडणारा अँटेना, 'इको' नावाच्या फुग्यासारख्या उपग्रहावरून परतणारे संदेश टिपायला बांधला. 1964 साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञांना त्यात एक घरघर सापडली. कर्णा न्यूयॉर्ककडे वळवला, तरी तेवढीच. दिवसा तेवढीच, रात्रीही तेवढीच. आत कबुतरांनी संसार थाटला होता. त्यांना हाकललं, तर ती परत आली! विष्ठा खरवडून काढली. सांधे टेपने बुजवले. घरघर जाईना.

जवळच प्रिन्स्टनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट डिकी यांचा गट नेमकी हीच घरघर शोधायला यंत्र जुळवत होता. 1978 चं नोबेल मात्र कर्णेवाल्यांना मिळालं.

[प्लँक यानाने केलेला निळा-तांबडा नकाशा]

ती घरघर म्हणजे हा उजेड, विश्वाच्या बालपणीचा. विश्वाच्या सुरुवातीच्या काही मिनिटांतच हायड्रोजन आणि हेलियमची केंद्रकं तयार होती, पण मोकळ्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीत प्रकाशाला सरळ जाता येत नव्हतं. नुसतं धुकं. 3 लाख 80 हजार वर्षांनी तापमान 3000 अंशांपर्यंत उतरलं, केंद्रकांनी इलेक्ट्रॉन धरले आणि धुकं फाटलं. तेव्हा सुटलेला प्रकाश विश्वाबरोबर ताणला गेला, सुमारे 1100 पट. ताणून त्याच्या रेडिओ लहरी झाल्या, म्हणून आज तो डोळ्यांना नाही, कर्ण्याला कळतो. नकाशावरचे डाग म्हणजे तापमानातला लाखात एकाचा फरक. त्याच डागांतून पुढे दीर्घिका उभ्या राहिल्या.

[वेब दुर्बिणीची छायाचित्रं]

मग तारे पेटले, फुटले. त्यांची राख मिसळलेल्या ढगातून 460 कोटी वर्षांपूर्वी आपला सूर्य झाला. विश्वाचं प्रसरण मंदावण्याऐवजी वेग घेतंय, हे 1998 साली कळलं.

[रात्रीचं आकाश, चौकटीत सरळ पांढऱ्या रेघा]

या रेघा ताऱ्यांच्या नाहीत, उपग्रहांच्या आहेत. त्यांच्यातून निसटणाऱ्या रेडिओ लहरी युरोपातल्या लोफार दुर्बिणीत नोंदल्या गेल्याचं 2023 साली प्रसिद्ध झालं. कबुतरांना निदान हाकलता तरी येत होतं.

[कर्णा, संध्याकाळ. निवेदन थांबतं, घरघर चालू]