लाल पान म्हातारं की बाळ?

[पडदा काळा. फक्त आवाज. सुक्या पानांवरून चालणारी पावलं, बरीचशी, लहान लहान.]

हा आवाज सागाच्या पानांचा. माघ संपत आलाय. रानातला साग निम्मा उघडा पडलाय आणि वाटेवर मुलांचे घोटे बुडतील एवढा पातेरा साचलाय.

[दृश्य उजळतं. रानातली पायवाट. मुलांची रांग.]

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही अंगणवाडी. आज 19 मुलं आली आहेत, वयं 3 ते 6. रांग पहिल्या दहा पावलांतच मोडली, कारण पातेऱ्यात सरळ चालण्यात मजा नाही. पाय घासत चाललं की आवाज मोठा येतो, आणि हे सगळ्यात आधी सगळ्यात लहान मुलाला कळलंय.

ताई पुढे आहेत, हातात काठी. त्या काल संध्याकाळी ही वाट एकदा चालून गेल्या. या दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा वाळतात, त्यांची कुसं वाऱ्याने उडतात आणि अंगाला लागली की मूल तासभर रडतं. पातेऱ्याखाली विंचूही असतो. म्हणून आधी काठीने आपटायचं, मग बसायचं. नियम दोनच आहेत, मुलांना पाठ आहेत: पान तोंडात घालायचं नाही, आणि चीक निघाला तर ताईला दाखवायचा, डोळ्यांना हात लावायचा नाही.

[अंगणवाडीची भिंत. ऋतूंचा छापील तक्ता.]

अंगणवाडीच्या भिंतीवर ऋतूंचा एक तक्ता आहे. त्यात शरद ऋतूच्या चौकटीत नारिंगी, पाच टोकांची पानं गळताना दाखवली आहेत. ती मेपलची पानं. ते झाड या मुलांनी पाहिलेलं नाही. आणि शरद म्हणजे आपल्याकडे आश्विन-कार्तिक. तेव्हा डहाणूच्या डोंगरात पानं गळत नाहीत, भात पिकतं, सगळं हिरवंगार असतं. परदेशातल्या ऋतूचं नाव कुणीतरी मराठीत आणताना आपला शरद त्याच्यावर चिकटवला आणि मुलं ते पाठ करू लागली. आपली पानगळ शिशिरातली. थंड देशांत दिवस लहान झाले, गारठा वाढला की झाडं पानं टाकतात. इथे पाणी कमी पडू लागलं की टाकतात. पानांतून सतत बाष्प जात असतं, आणि पावसाळ्याला अजून चार महिने आहेत. एवढा खर्च झाडाला परवडत नाही.

ताईंनी तक्ता काढलेला नाही. त्याच्या शेजारी एक दोरी बांधली आहे. मुलांना सापडलेली पानं त्या दोरीला टाचायची, खाली तारीख लिहायची, आणि पान आणणारा जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही. मुलं झाडांना घरी जी नावं ऐकतात तीच दोरीवर लागतात.

[अंगणवाडीच्या मागचं बदामाचं झाड. जमिनीवर लाल पानं.]

अंगणवाडीच्या मागे बदाम आहे. सुक्या मेव्यातला नव्हे, आपला देशी बदाम, आडव्या फांद्यांचा. कोकणपट्टीत रंग बदलून पडणारं पान पाहायचं तर याच्याखाली उभं राहावं. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, तांबूस आणि गडद लाल पान एका वेळी दिसतं.

मुलं पानं गोळा करतात. ताई काहीच सांगत नाहीत. मग एक मुलगी, साडेचार वर्षांची, तीन पानं ओळीत मांडते: हिरवं, पिवळं, लाल. आणि म्हणते, "लाल झालं म्हणजे म्हातारं झालं."

"तुला कसं गं कळलं?"

"ते पडतं ना."

ताई हे कागदाच्या पट्टीवर लिहून घेतात. बरोबर म्हणत नाहीत, चूक म्हणत नाहीत. 

[जवळून: देठाचं टोक. मग फांदीवरची खूण.]

आता ती एक पान उचलून देठाचं टोक बघते. टोक गुळगुळीत आहे, फाटलेलं नाही. ताई वाकवलेल्या फांदीवर तिचं बोट ठेवतात. तिथे एक गोल खूण आहे, थोडी फुगीर, तपकिरी. शेजारचा मुलगा लगेच म्हणतो, "खपली धरलीय."

वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकातही साधारण हेच लिहिलेलं असतं, फक्त शब्द मोठे असतात. पान पडायच्या आधी देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. पान तिथूनच सुटतं, आणि त्या जागी झाड बुचासारखा थर धरतं, म्हणजे उघडी जखम राहत नाही. त्याआधी हरितद्रव्य मोडून पानातलं कामाचं सत्त्व झाडाने फांदीत ओढून घेतलेलं असतं. पिवळा रंग पानात पहिल्यापासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र जाता जाता नव्याने तयार होतो.

यातलं काहीही ताईंनी त्या दिवशी सांगितलं नाही. खपली हा शब्द मुलाने स्वतःच्या गुडघ्यावरून आणला होता. त्याच्यावर दुसरा शब्द घातला असता तर त्याचा शब्द गेला असता.

[अंगणवाडीची पडवी. मदतनीस मावशी पिशवी उलटी करतात.]

मदतनीस मावशींचं माहेर किनाऱ्यावरचं. त्या येताना सुरूच्या झाडाखालून पिशवीभर काड्या घेऊन आल्या आहेत. मुलांना ही पानं वाटतच नाहीत. आणि मुलांचंच खरं आहे. सुरूची हिरवी सुई ही पान नाही, बारीक डहाळी आहे. तिला उसासारखी पेरं असतात. 

एक खेळ मावशी लहानपणी खेळायच्या. काडी एका पेरावर हळूच ओढायची, ती टप्‌ करून सुटते. मग दोन्ही तुकडे परत एकमेकांत बसवायचे आणि विचारायचं, सांग, कुठे मोडली? सांधा इतका बेमालूम बसतो की मोठ्यांनाही सापडत नाही. पाऊण तास हा खेळ चालला. आमच्या कॅमेरामनने पाच वेळा हार मानली.

[भिंगातून सुरूचं पेर.]

हा खेळ चालू असताना ताईंनी भिंग ठेवलं होतं, कुणाला बोलावलं नव्हतं. बऱ्याच वेळाने एकजण आपणहून आला. पेराच्या सांध्यावर भिंगातून बारीक दात दिसतात, गोल मुकुटासारखे, 6 ते 8. ती सुरूची खरी पानं. तो मुलगा भिंग डोळ्याला लावून इतका वेळ बसला की बाकीच्यांनी रांग लावली.

[सागाची पानं. मुलं पडवीत ओळ लावत आहेत.]

पुढचे चार दिवस पडवी पानांनी भरलेली. साग सगळ्यांत मोठा. एकाने पान तोंडापुढे धरलं तर त्याचं तोंड, गळा आणि निम्मी छाती झाकली. लगेच डोळ्यांसाठी दोन भोकं पडली आणि वाघ झाले. पानाची लांबी विती टाकून मोजली: एकीच्या चार विती, दुसऱ्याच्या तीन. एकच पान, मग असं कसं? यावर भांडण झालं, आणि भांडता भांडता दोघांनी तळहाताला तळहात लावून बघितला. पाचव्या वर्षी मोजमाप असंच कळतं.

सागाची काही पानं जाळीदार निघाली. शिरा शाबूत आणि मधला गर गायब. एक अळी तेवढा मऊ भाग खाते आणि शिरा ठेवते. "हिने जेवून ताट ठेवलं," असं एकजण म्हणाली. तेही दोरीवर गेलं. 

पळसाची तीन पानं, चिकूचं चिकाळ पान, आंब्याचं, शेवग्याचं. वाळलेलं मुठीत दाबलं तर चुरा, ओलं दाबलं तर मुकाट. स्टुलावरून सोडलं तर सागाचं धप्‌ येतं आणि शेवग्याचं येतच नाही, तरंगत बाजूला जातं. हे प्रयोग आम्ही सगळेच्या सगळे दाखवत नाही. ते कुठल्याही घराच्या ओट्यावर करता येतात.

[जुनी छायाचित्रं. बोर्डी. कोसबाडची टेकडी.]

ही पडवी जिथे आहे तिथून कोसबाडची टेकडी लांब नाही. 1945 साली बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसोरी पद्धतीचं लाकडी साहित्य महागडं, ते खेड्यात परवडणारं नव्हतं. म्हणून या दोघींनी पानं, बिया, शिंपले, खडे हेच साहित्य मानलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना त्यांचीच. पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी काम उभं राहिलं, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरली. 1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्दाबरोबर ती पानं-बियांची टोपली मात्र सगळीकडे पोचली नाही, आणि याचं वाईट वाटतं. कारण टोपलीला पैसे लागत नाहीत, लागतो तो वेळ, आणि ताईंच्या वेळेवर पोषण आहाराच्या, वजनाच्या, नोंदींच्या रांगा लागलेल्या असतात.

[शेताचा तुकडा. बायका पातेऱ्याच्या पाट्या उतरवत आहेत.]

या मुलांच्या घरी पान हे खेळणं होण्याआधी काम आहे. भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर पातेरा, काटक्या, शेण पसरतात आणि उन्हाळ्यात ते भाजतात. याला राब म्हणतात. पातेरा गोळा करायला बहुतेक बायकाच जातात, आणि मुलं मागोमाग. 

ताईंनी विचारलं, "खाली पडलेल्या पानाचं पुढे काय होतं?" शहरातल्या वर्गात या प्रश्नाला "कचरा होतो" असं उत्तर मी ऐकलेलं आहे. इथे चार-पाच जण एकदम बोलले. पानं आई आणते. मग बाबा पेटवतात. मग राख. मग पाऊस. मग भात. एकीने शेवटी जोडलं, "मग आपण." 

हे उत्तर तिने कुठल्या तक्त्यावर वाचलेलं नाही. ती डोक्यावर छोटी पाटी घेऊन आईबरोबर चाललेली आहे.

[ओहोळाचा काठ. कुसुंब, लालबुंद पालवी.]

होळी जवळ आली. आम्ही दुसऱ्यांदा आलो तेव्हा ओहोळाच्या काठचा कुसुंब पेटल्यासारखा दिसत होता. लांबून वाटावं, फुललाय. जवळ गेलं की कळतं, ही फुलं नव्हेत, पानं आहेत. कोवळी, लोंबती, ओठांच्या रंगाची.

एका मुलाने एक पान गालाला लावलं आणि तो वळून म्हणाला, "हे तर बाळ आहे."

साडेचार वर्षांची ती मुलगी तिथेच होती. "लाल म्हणजे म्हातारं," तिने सांगितलं.

"हे मऊ आहे."

"लाल आहे."

"बाळ आहे!"

ताई खाली बसल्या. आम्हाला वाटलं, आता सांगतील. त्या म्हणाल्या, "मग आपल्याला कळायचं कसं?"

बराच वेळ कुणी बोललं नाही. चित्रीकरणात ही शांतता 40 सेकंद आहे. आम्ही ती कापलेली नाही.

[मुलं ओहोळात खडे टाकताहेत. ताई तशाच बसलेल्या.]

मग त्या मुलीनेच तोडगा काढला. तिच्या घरी शेळीच्या गळ्यात दोरा आहे, आपली शेळी ओळखू यावी म्हणून. पानालाही दोरा बांधायचा. मग ते हरवणार नाही, आणि त्याचं काय होतं ते बघायचं.

[जवळून: निळा दोरा, देठाभोवती गाठ.]

निळा दोरा कुसुंबाच्या एका पानाला. हिरवा दोरा बदामाच्या एका लालसर पानाला. गाठ ताईंनी मारली, टोकं मुलांनी धरली. कागदाच्या पट्टीवर दोन ओळी लिहिल्या: "हे बाळ आहे." "हे म्हातारं आहे." खाली तारीख.

शहाणा माणूस इथे हसेल, कारण त्याला उत्तर माहीत आहे. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरतं भरलेलं नसतं, आणि लाल रंग त्याला कडक उन्हापासून जपतो. किडीही त्याने दूर राहत असाव्यात, असं अभ्यासक म्हणतात. म्हणजे एकच रंग, एकदा येताना आणि एकदा जाताना. दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण मग पुढचे दोन आठवडे ही मुलं रोज सकाळी अंगणवाडीत शिरण्याआधी आपापल्या झाडाकडे धावली नसती.

[सकाळ. बदामाखाली मुलं.]

नवव्या दिवशी बदामाचं पान खाली होतं. हिरवा दोरा देठाला तसाच. फांदीवरची जागा मुलांनी शोधून काढली, खपली धरलेली होती.

[ओहोळ. कुसुंब.]

कुसुंबाचं पान जागेवरच होतं. पण निळा दोरा शोधायला वेळ लागला, कारण मुलं लाल पान शोधत होती. पान हिरवट झालं होतं, कडेला थोडी तांबूस झाक, आणि हाताला आता ते तितकं मऊ लागत नव्हतं. 

"मोठं झालं," मुलगा म्हणाला. 

ती मुलगी काही बोलली नाही. तिने पानाला हात लावला, मग दोऱ्याला. हातात बदामाचं लाल पान होतं, ते तिने हिरव्या पानाच्या शेजारी धरून बघितलं. ताईंनी विचारलं, "हे दोरीवर लावायचं का?" तिने मान हलवली, नाही.

[दुपार. पायवाट. मुलगी घरी चालली आहे, आम्ही मागून.]

तिची आई शेतावर पातेरा पसरत होती. मुलीने पान आईच्या हातात दिलं, दोऱ्यासकट.

"आई, हे राबात नको टाकू. हे माझं म्हातारं आहे."

आईने हातातली पाटी खाली ठेवली आणि पान केसांत खोवलं.