वाळू दिसेपर्यंत
(लघुमाहितीपट: निवेदन)

[पहाट. प्रेवेझाचा धक्का. डोलकाठ्या.]

प्रेवेझा. ग्रीसचा पश्चिम किनारा, आयोनियन समुद्र. धक्क्यावरच्या कॅफेंच्या खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या पडल्यात. एकतीस फुटी नावेच्या पोटात, दोन शेगड्यांच्या ओट्यावर, पोह्यांना फोडणी बसतेय.

ती मालवणची, तो सांगलीचा. नोकरी दोघांचीही जर्मनीत, स्टुटगार्टला. नाव त्या दोघांच्या मानाने फार तरुण नाही. त्यांच्याआधी दोन मालक होऊन गेलेत. हिवाळाभर ती समोरच्या आक्टियो किनाऱ्यावर टेकू लावून कोरड्यावर उभी असते. जूनमध्ये क्रेन तिला उचलून पाण्यात ठेवते आणि पुढचे तीन आठवडे हेच यांचं घर.

समोरची ही खाडी अरुंद आहे. इ.स.पू. ३१ मध्ये रोमच्या ऑक्टेव्हियनच्या आरमाराने अँटनी आणि क्लिओपात्राला हरवलं, ते या खाडीच्या तोंडाशी. आज तिच्या तळाखालून बोगदा जातो, मोटारी दोन-चार मिनिटांत पलीकडे. हे दोघं मात्र पाण्यावरून जाणार आहेत. प्रेवेझा, लेफ्काडा, फिस्कार्डो, किओनी. चाळीसेक सागरी मैल. त्यासाठी सहा दिवस राखून ठेवलेत.

[दोरी सुटते. धक्का मागे सरकतो.]

[लेफ्काडा. पुलापाशी ताटकळलेल्या नावा.]

लेफ्काडा बेट आहे, पण नावापुरतंच. मुख्य भूमीपासून त्याला वेगळं करतो तो हा कालवा. पहिल्यांदा तो खणला कोरिंथच्या लोकांनी, इसवी सनापूर्वी सातव्या शतकात. वाळू येऊन तो बुजत राहिला, माणसं पुन्हा उपसत राहिली.

आणि हा पूल. नीट पाहिलं तर हा पूल नाहीच, पुलाचं काम करणारी बोट आहे. तास भरला की भोंगा वाजतो, गाड्या थांबतात, टोकाचा उतार उचलला जातो आणि ही अख्खी बोट बाजूला वळते. स्कूटरवाला इंजिन बंद करून सिगारेट पेटवतो. दहा-बारा नावा एका मागोमाग आत शिरतात. तेवढ्यात कुणीतरी रांग मोडतं. आपल्याकडच्या टोलनाक्याची आठवण यावी इतपत.

आत दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवे खांब. त्यांच्या मधोमध राहायचं. पलीकडे खाजण आहे, बगळे उभे आहेत, आणि पाणी त्यांच्या गुडघ्याइतकंच.

[दुपार. शीड वर चढतं.]

बाराच्या सुमारास वायव्येकडून वारा सुटतो. ग्रीक लोक त्याला माईस्ट्रो म्हणतात. शाळेत भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, त्यातल्या खाऱ्या वाऱ्याचं हे भावंड. जमीन तापली की येतो, सूर्य कलला की पडतो. इथले नावाडी जेवणाची वेळही त्यावर ठरवतात.

मोठं शीड वर जातं. पुढचं उलगडतं. इंजिन बंद.

[सतरा सेकंद निवेदन नाही. फक्त पाण्याचा आवाज.]

ताशी पाच सागरी मैल, म्हणजे नऊ किलोमीटर. गावात सायकलवरून दूध घालणारा याहून जोरात जातो. डावीकडे झाडीने भरलेलं छोटं बेट दिसतंय ते स्कॉर्पिओस. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रीक जहाजसम्राट ओनासिस आणि अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची पत्नी जॅकलिन यांचं लग्न इथे लागलं. तिकडे फार बघायला या दोघांना वेळ नाही, दोरी ओढायची आहे.

[फिस्कार्डो. रंगीत घरं, गर्दीचा धक्का.]

केफालोनियाचं उत्तर टोक. १९५३ च्या ऑगस्टमधल्या भूकंपाने हे बेट जवळजवळ सपाट केलं, हजारो माणसं कायमची परदेशी गेली. फिस्कार्डो तेवढं बरंचसं वाचलं. व्हेनिसच्या सत्तेच्या काळातल्या वळणाची ही घरं म्हणून उभी आहेत.

इथे दोन रात्री मुक्काम. दुसऱ्या रात्री वाऱ्याने दिशा बदलली, नांगर सरकला आणि नाव शेजारणीला घासली. त्याचं चित्रीकरण नाही. डाव्या अंगावरचा हा पांढरा ओरखडा त्या रात्रीचा. शेजाऱ्याचा खर्च चुकता झाला आहे.

[किओनी. खाडीच्या तोंडाशी पडक्या पवनचक्क्या.]

होमरच्या महाकाव्यातला नायक ओडिसियस, त्याचं इथाका बेट ते हेच, असं मानतात. फिस्कार्डोहून निघून या बेटाच्या उत्तरेला वळसा घातला की आठ-नऊ सागरी मैलांवर किओनी.

आता नाव लावायची आहे. हे जरा सावकाश पाहू या.

मालवणच्या माणसाला भूमध्य समुद्रात एक गोष्ट सतत चुकल्यासारखी वाटते, ती म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं. इथे वीतभर. त्यामुळे धक्का आणि नाव यांची उंची दिवसभर जवळपास तीच राहते आणि नाव धक्क्याला पाठ करून लावता येते. पुढे नांगर, मागे दोन दोऱ्या, मध्ये एक फळी. फळीवरून उतरलं की थेट भाकरीच्या, म्हणजे इथे पावाच्या, दुकानात.

ऐकायला सोपं आहे. नाव उलटी न्यायची असते आणि उलट्या गिअरमध्ये तिची मागची बाजू सरळ जात नाही, एका अंगाला ओढ घेते. तो सुकाणूचा दांडा धरून मागे बघत उभा आहे. ती नाळेवर, पुढच्या टोकाला, गुडघ्यांवर. इंजिनाच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू येत नाही, म्हणून सगळं हाताच्या खुणांनी. नवरा-बायकोने नाव लावणं हा इथल्या कॅफेंमध्ये बसलेल्यांचा संध्याकाळचा फुकटचा तमाशा आहे. खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडलेल्या असतात त्या सूर्यास्तासाठी, असं मालक सांगतात.

पण ती धक्क्याकडे बघतच नाहीये. ती खाली बघतेय.

[पाण्याखालचा कॅमेरा. गडद हिरवं कुरण, मध्ये फिकट चौकोन.]

पाण्यात जे काळपट दिसतंय ते गवत. फिकट निळं दिसतंय ती वाळू. या गवताचं नाव पोसिडोनिया, पोसायडन या समुद्रदेवावरून. हे शेवाळ नाही. याला मुळं आहेत, खोड आहे, फुलं येतात, फळं धरतात. याची ही जात जगात फक्त भूमध्य समुद्रात वाढते. पाती मीटरभर उंच होतात, खोड मात्र जमिनीसरशी वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर सरकतं. घरातल्या एका खोलीएवढं कुरण एखाद्या घराण्यापेक्षा जुनं असू शकतं. माशांची पिल्लं यात वाढतात, लाटांचा जोर यात मोडतो, किनाऱ्याची वाळू याच्यामुळे धरून राहते.

[किनारा. तिच्या तळहातावर तपकिरी गोळा.]

हा सुपारीएवढा गोळा मगाशी किनाऱ्यावर सापडला. मेलेल्या पात्यांचे धागे लाटांनी वळून वळून केलेला. हातात घेतला तर थेट नारळाच्या काथ्यासारखा लागतो. तिने असे अकरा जमवलेत, आणि स्टुटगार्टच्या घरी किती आहेत ते तो सांगत नाही.

[नाळ. साखळी.]

साखळीवर दर दहा मीटरला रंग मारलाय. पांढरा, लाल, निळा, पुन्हा पांढरा. पाणी आठ मीटर खोल आहे, म्हणजे पाचपट, चाळीस मीटर साखळी सोडायची. नांगर पडण्याची जागा धक्क्यापासून तेवढीच लांब हवी. आणि तिथे वाळू हवी.

पहिल्या खेपेला खाली काळं. ती हात आडवा हलवते. तो पुन्हा पुढे नेतो, वळतो. मागे थांबलेल्या नावेवरचा माणूस दोन्ही हात वर करतो. दुसऱ्या खेपेला वारा बाजूने ढकलतो, कुरणच कुरण. तो ओरडतो, "अगं, टाक आता!" उत्तर अस्सल मालवणीत येतं, "रव रे!" म्हणजे थांब रे.

तिसरी खेप. काळं, काळं, काळं. मग टेबलाएवढी फिकट जागा.

साखळी धडधडत सुटते. पांढरा. लाल. निळा. पांढरा. तो नाव मागे घेतो, धक्क्यावरचा कुणीतरी मागच्या दोऱ्या झेलतो. साखळी ताठ होते. धरला.

अशा शेकडो भाड्याच्या नावा उन्हाळ्यात या बेटांमधून फिरतात आणि नांगर गवतातून ओढत निघतात. स्पेनच्या बलेआरिक बेटांवर २०१८ च्या आदेशाने या कुरणांवर नांगर टाकायला मनाई आहे. किओनीत तिला अडवायला कुणी आलं नव्हतं.

[रात्र. केबिनमध्ये दिवा. डाळ-भात, टोमॅटो, ऑलिव्ह.]

[सकाळ. वारा नाही.]

विंच, म्हणजे साखळी ओढायची चरखी, हाताने फिरवायची आहे. चाळीस मीटर. निम्म्यावर ती थांबते, दम घेते, त्याने दिलेला चहा पिते, पुन्हा लागते. पांढरा. निळा. लाल. साखळी चिखलमातीशिवाय येतेय, बादलीतल्या पाण्याची गरज पडत नाही.

नांगर पाण्याबाहेर येतो. फाळावर करडी वाळू. आणि दांड्याला गुंडाळलेली एक पात, हिरवीगार, हातभर लांब.

ती वाकून पात सोडवते, पाण्यात टाकते आणि मागे न बघता हात पुढे करते. तो गिअर टाकतो.