बादलीतलं तपकिरी पाणी

(निळी बादली. स्पंज पिळल्याचा आवाज.)

रविवार सकाळ, लालबाग. चाळीच्या गॅलरीत काका माशांच्या टँकच्या फिल्टरचा स्पंज पिळताहेत. पाणी बघा, उकळत ठेवून विसरलेल्या चहासारखं. वास तुमच्यापर्यंत पोचत नाही म्हणून सांगतो: ओल्या मातीचा आहे. कुजक्या अंड्यांचा आला असता तर काका असे शिटी वाजवत बसले नसते.

बादलीतलं हे पाणी नळाचं नाही. टँकमधूनच आत्ता पाइपने ओढून काढलंय.

(टँक.)

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर ५६ लिटर. मागे व्हॅलिसनेरियाची लांब पाती, लाकडाला दोऱ्याने बांधलेलं अ‍ॅन्युबियासचं रोप, आणि कोपऱ्यात शाळेच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवायचो तीच हायड्रिला. तिच्या पानांवरचे बुडबुडे पाहिलेत? ऑक्सिजन आहे तो. या एका शॉटसाठी आम्ही आदल्या दिवशी पाऊण तास श्वास रोखून बसलो होतो.

(कॅनिस्टरचं झाकण उघडतं.)

कॅनिस्टर फिल्टर म्हणजे आपला तीन ताळ्यांचा जेवणाचा डबाच. या मॉडेलमध्ये पाणी खालून शिरतं आणि वरून बाहेर पडतं. म्हणून सगळ्यात खाली जाड भोकांचा स्पंज. सडकी पानं, विष्ठा, उरलेलं खाणं तिथेच अडतं. मधल्या ताळ्यात सिरॅमिक रिंगा. वर पॉलिस्टरचा कापूस, उशीत भरतात तोच, पण रंग आणि सुगंध न लावलेला. हाच कापूस तळाला घातला तर बघता बघता गच्च होतो.

(हातात एक रिंग, अगदी जवळून.)

ही रिंग नखाने टोकरून बघा, विटेसारखी खरखरीत लागते. तिच्या बारीक छिद्रांत जिवाणू राहतात. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विषारी. तिसरं फारच साठलं तर त्रासाचं, एरवी झाडांचं खाद्य. आणि झाडं नुसत्या नायट्रेटवर थांबत नाहीत, अमोनियाही थेट ओढून घेतात. म्हणजे दाट झाडीचा टँक हा स्वतःच अर्धा फिल्टर. किलोकिलोने महागडा मीडिया, म्हणजे फिल्टरमध्ये भरायचा माल, कशाला लागतो? दुकानात हे कोणी सांगत नाही. लाव्हाचे खडे चालतात. भांडी घासायची प्लास्टिकची जाळीदार घासणीही चालते, नवी आणि साबण न लागलेली हवी. प्रवाळाचे पांढरे तुकडे मात्र मीडिया म्हणून गळ्यात मारतात ते घेऊ नका. ते विरघळतात आणि पाणी जड करतात.

काळा कार्बन या डब्यात नाही. लाकडाचा पिवळट रंग किंवा माशांना दिलेलं औषध पाण्यातून काढायचं असेल तेव्हा काका एक पुडी टाकतात. साधारण महिनाभरात तो भरतो, मग फेकायचा. औषध चालू असताना तर तो नकोच, औषधच पिऊन टाकतो.

(गॅलरीतला नळ, धार.)

भातसा, तानसा, वैतरणेचं हे पाणी क्लोरीन घालून आपल्यापर्यंत येतं. आपल्या पोटासाठी ते बरं, रिंगांतल्या जिवाणूंसाठी नाही. काकांनी एकदा घाईत रिंगा या नळाखाली धुतल्या होत्या. आठवड्यात सात टेट्रा मासे गेले.

आता त्यांचा शिरस्ता असा. स्पंज साधारण महिन्याने, तोही लवचीकपणा जाईपर्यंत तोच. कापूस फेकून नवा. रिंगा वर्षातून दोनदा, बादलीत नुसत्या हलवायच्या, आणि स्पंज धुतला त्या दिवशी तर त्यांना हात नाही. तारीख कॅलेंडरवर लिहिलेली नाही, ती कळते तळहातावर.

(बाहेर पडणाऱ्या धारेखाली तळहात.)

धार मंदावली की स्पंज तुंबला. मुंबईच्या मे महिन्यात हे फार सांभाळावं लागतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यावर मासेही जगणार आणि जिवाणूही. १२ ऑक्टोबर २०२०ला शहराची वीज गेली, तेव्हा काकांनी रिंगा काढून जाळीच्या पिशवीत टँकमध्येच टांगल्या. बंद डब्यात त्या गुदमरल्या असत्या.

(बादली उचलली जाते.)

तपकिरी पाणी मोरीत जात नाही. तुळस, ओवा, मग शेजारच्या मावशींचा मोगरा, असा त्याचा क्रम ठरलेला आहे.

(कॅनिस्टर परत जागेवर. बटण.)

पंप घरघरतो. काका डबा जरासा तिरका करतात, अडकलेली हवा बुडबुड करत निघते, घरघर थांबते. व्हॅलिसनेरियाची पाती हळूहळू एका बाजूला झुकायला लागतात.