ट्रॅक्टरच्या पाणंदीवरून

(पुण्यातल्या धावणाऱ्यांच्या एका गटासमोर दिलेलं व्याख्यान. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार. मगाशी दारातच एकाने विचारलं, "सर, रूटची जीपीएस फाइल पाठवाल ना?" पाठवतो. पण ती वाट तिथे आली कुठून, हे आधी सांगू द्या. ते कळलं की फाइलची गरज निम्मी संपते.

मी धावतो ती दक्षिण जर्मनीतली एक नदीची दरी. नदीचं नाव टाउबर. ऱ्हाइन नाही, डॅन्यूब नाही. लांबी साधारण १३० किलोमीटर, आणि बऱ्याच ठिकाणी इतकी अरुंद की या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येतं. बायर्न (म्हणजे बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या दोन राज्यांच्या सीमेवर ती इकडून तिकडे करते आणि वेर्टहाइमला माइन नदीला मिळते. रोथेनबुर्ग हे तटबंदीचं गाव फोटोंमुळे तुम्हाला माहीत असेल. ते टाउबरच्या वर कड्यावर बसलंय. तिथून वेर्टहाइमपर्यंत नदीच्या कडेने सुमारे शंभर किलोमीटरची सायकलवाट आहे. कड्यावरून एकदा खाली आलात की पुढचा उतार पायांना कळतही नाही. तो फक्त घड्याळाला कळतो.

या वाटेवर शंभर किलोमीटरची अल्ट्रा शर्यतही होते. पन्नासाव्या किलोमीटरला बाड मेर्गेन्टहाइम, एकाहत्तराव्याला टाउबरबिशोफ्सहाइम, शंभराव्याला वेर्टहाइम. मी ती पळालेलो नाही, त्यामुळे शौर्यकथा मिळणार नाहीत. मी या दरीत अकरा वर्षं तुकड्यातुकड्याने, शनिवार-रविवारी धावतो.

आता "तुकड्यातुकड्याने" म्हटलंच आहे, तर मुद्द्यावर येतो.

पहिल्या वर्षी मला एक कोडं पडलं होतं. एवढ्याशा खेड्याच्या मागे, जिथे दहा मिनिटांत एखादं वाहन दिसलं तर दिसलं, तिथे डांबरी किंवा काँक्रीटचा इतका नीट रस्ता कोणी आणि कशासाठी केला? आमच्यासाठी नक्कीच नाही. त्यावरची पाटी सांगते की वाहनांना बंदी, शेतीची वाहनं सोडून. म्हणजे ही पाणंद आहे. गाडीवाट म्हणा, शेतरस्ता म्हणा. आपल्याकडे पावसाळ्यात गुडघाभर चिखलाची असते ती, तिथे काँक्रीटची.

ती तशी कशी झाली? दक्षिण आणि पश्चिम जर्मनीच्या बऱ्याच भागांत जमीन सगळ्या वारसांत वाटायची रीत होती. चार पिढ्यांत शेताच्या चिंध्या. एकाची सतरा ठिकाणी सतरा पट्ट्या, आणि आपल्या पट्टीत जायला दुसऱ्याच्या पट्टीतून जावं लागायचं. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे १९४७ साली तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला. पश्चिम जर्मनीत १९५३ साली तसाच कायदा झाला. त्याला फ्लुअरबेराइनिगुंग म्हणतात. शब्दाला घाबरू नका, अर्थ तुकडेजोडच. गावाची सगळी जमीन कागदावर एकत्र करायची, नव्याने आखायची, प्रत्येकाला शक्यतो सलग द्यायची, आणि प्रत्येक नव्या शेतापर्यंत ट्रॅक्टर जाईल असा रस्ता काढायचा. आपल्याकडे हे काम कुठवर पोचलं, ते सातबारा घेऊन तलाठ्याकडे गेलेल्यांना मी सांगायला नको. (हशा) तिथे ते मनापासून झालं. त्याचं उपउत्पादन म्हणजे हे मैलोन्‌मैल मोकळे रस्ते. धावणारे त्या कायद्याचे फुकटे लाभार्थी आहेत.

याची दुसरी बाजूही आहे. द्राक्षांच्या उतारांवर हे काम करताना काही ठिकाणी जुन्या पायऱ्या, दगडी बांध, झुडपांच्या रांगा सपाट केल्या गेल्या. त्यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती मला पटते. मी ज्या गुळगुळीत वळणावर वेग पकडतो, तिथे कधी काळी कोणाच्या तरी पणजोबाने रचलेला बांध असू शकतो.

ही दरी मी तिमजली घरासारखी बघतो.

तळमजला म्हणजे नदीकाठ. सपाट, गर्द, नवख्यांसाठी उत्तम. उन्हाळ्यातल्या रविवारी मात्र तिथे सायकलींची जत्रा असते. विजेच्या सायकली आल्यापासून सत्तरीच्या आजीबाई घंटी वाजवत आपल्याला मागे टाकतात, आणि तो अपमान गिळावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात या तळात धुकं साचतं. थंड हवा खाली बसते, ऊब वर राहते. खाली हातमोजे घालून निघावं आणि शंभर-सव्वाशे मीटर चढून गेलं तर वर लख्ख ऊन, पायाखाली दुधाचं तळं. बहुतेक जण हे न बघताच "आज हवा वाईट आहे" म्हणून परत जातात.

दुसरा मजला द्राक्षमळ्यांचा. माझा आवडता. मार्केल्सहाइम गावाच्या वरचे रस्ते घ्या. बऱ्याच जागी पूर्ण रस्ता नसतो, चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या आणि मध्ये गवत. पोटऱ्या भरून आल्या की मी मधल्या गवतावर येतो, गुडघ्यांना बरं वाटतं. इथे टाउबरश्वार्झ नावाची काळी द्राक्षं आहेत. जवळपास नामशेष होऊन पुन्हा लावली गेलेली जात, या दरीचीच. आणि याच मजल्यावर श्टाइनरीगेल दिसतात. उतारावरून सरळ खाली आलेले दगडांचे लांबलचक ढीग, दोन मळ्यांच्या मध्ये. जमीन चुनखडकाची. कुदळ मारली की दगड. मळेवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वेचून आपल्या हद्दीच्या कडेला टाकले. मग एकोणिसाव्या शतकापासून वेलींवर रोग आणि कीड आली, बरेच मळे सुटले, ढिगांवर झुडपं चढली. आज द्राक्षं नसलेल्या उतारावरही ते उभे पट्टे दिसतात. तापलेल्या दगडांवर सरडे पडलेले असतात, तुमच्या बुटांच्या आवाजाने सळसळत आत जातात. चढाला दम लागला की मी ढीग मोजतो. प्रत्येक ढीग म्हणजे कोणाची तरी वाकलेली पाठ, हे डोक्यात आलं की चढाबद्दल तक्रार करायची सोय राहत नाही.

तिसरा मजला पठार. वारा, पवनचक्क्या, धान्याची शेतं. दरीच्या पश्चिमेला बाउलँड नावाचा पट्टा आहे, तिथे ग्र्यूनकेर्न करतात. स्पेल्ट नावाचा जुना गहू असतो, तो पिकायच्या आधी, दाणा दुधातून नुकता घट्ट होत असताना कापायचा आणि बीच लाकडाच्या धगीवर वाळवायचा. म्हणजे हुरड्याचा लांबचा चुलतभाऊ! फरक इतकाच की ते तो शेतात बसून चटणीबरोबर खात नाहीत, साठवतात आणि सूप करतात. जुलैत त्या गावांच्या बाजूने धावताना धुरकट, भाजका वास येतो. मला तिथे सोलापूरकडची आमची शेकोटी आठवते आणि मिनिटभर वेग मंदावतो.

मजला ठरवला की परतीचा प्रश्न. दरीत धावायची खरी मजा एकेरी धावण्यात आहे: नदीबरोबर जायचं आणि रेल्वेने परत यायचं. वायकर्सहाइम, मेर्गेन्टहाइम, लाउडा, बिशोफ्सहाइम, वेर्टहाइम ही सगळी गावं रेल्वेवर आहेत. वायकर्सहाइमला राजवाड्याची बाग बघून निघायचं, बारा-एक किलोमीटरवर मेर्गेन्टहाइम, गाडीत बसून परत. नवख्यांना मी हाच तुकडा देतो.

पण वायकर्सहाइमच्या वरच्या बाजूला दरीत रेल्वे नाही. हे मी स्वतःच्या पायांनी शिकलो. पहिल्याच वर्षी रोथेनबुर्गहून निघून वीस किलोमीटरवर क्रेगलिंगेनला पोचलो, खुशीत, आणि एका आजोबांना स्टेशन विचारलं. ते म्हणाले, "स्टेशन होतं. गाडी तेवढी उशिरा आहे, काही दशकं." ऑक्टोबरचा रविवार, दुकानं बंद, बसचं नाव नाही, खिशात एक सुकलेला खजूर. वायकर्सहाइमपर्यंत उरलेले अठरा-वीस किलोमीटर धावलो नाही, चाललो. त्या रेल्वेचा दुसरा फाटा वाटेतल्या बीबरएरेन गावाहून ओक्सनफुर्टकडे जायचा. तो उखडून आता सायकलवाट केली आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून ती वाट पठारावर अगदी हळुवार चढते. टेम्पो रनला, म्हणजे एकाच जलद वेगाने बराच वेळ धावायला, त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र चांगली झाली. गाडी नाहीच, म्हणून गावाबाहेरच्या हेरगॉट्सकिर्ख या चर्चमध्ये गेलो. आत टिलमन रीमेनश्नायडर या शिल्पकाराचा लाकडी कोरीव देव्हारा आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा. मधोमध मेरी स्वर्गात जातेय आणि खाली शिष्य थक्क होऊन बघताहेत. रंग नाही, नुसतं लिंडेनचं लाकूड, आणि तरी प्रत्येक चेहरा निराळा. धर्मसुधारणेनंतर गाव प्रोटेस्टंट झालं, देव्हारा बंद करून टाकला गेला, आणि थेट १८३२ साली उघडला. तीनशे वर्षं अंधारात, म्हणून इतका शाबूत. घामाने भिजलेल्या टीशर्टमध्ये मी तिथे अर्धा तास बसलो. कोणी उठवलं नाही.

खालच्या भागाबद्दल थोडक्यात. मेर्गेन्टहाइमला १८२६ मध्ये एका मेंढपाळाला खारट झरा सापडला आणि गाव आरोग्यधाम झालं. बिशोफ्सहाइम हे तलवारबाजीचं गाव. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या वैयक्तिक फॉइल या तलवारबाजीच्या प्रकारातली तिन्ही पदकं इथल्याच एका क्लबच्या मुलींनी नेली. त्याच्या पुढे दगडाकडे लक्ष ठेवा. वरच्या दरीतला करडा-पांढरा चुनखडक जातो आणि लाल वालुकाश्म सुरू होतो. घरं, पूल, वेर्टहाइमचा किल्ला, सगळं लाल. नदी इथे जंगलातून मोठी वळणं घेते आणि एका वळणावर ब्रोनबाखचा बाराव्या शतकातला मठ येतो. या पट्ट्यात घड्याळ बघत धावू नये.

प्रश्न आला होता, कुठेही घुसता येतं का? जंगलात विरंगुळ्यासाठी पायी फिरायचा हक्क जर्मन कायद्यातच आहे, मालकी खासगी असली तरी. बायर्नने तर निसर्गाचा आनंद घेण्याचा हक्क, रानातली फळं वेचण्यासकट, राज्यघटनेत लिहिलाय. पण उभ्या पिकात पाय टाकायचा नाही, आणि तिन्हीसांजेला जंगलात उंच मचाण दिसलं तर मुकाट वाटेवर राहायचं. त्यावर शिकारी बसलेला असू शकतो आणि तुम्ही त्याची संध्याकाळ वाया घालवत असता.

पाणी? गावाचं दफनभूमीचं फाटक शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतोच. वर "पिण्याचं पाणी नाही" अशी पाटी असेल तर फक्त डोक्यावर घ्या.

(श्रोत्यांतून: कुत्र्यांचं काय?)

हा खास पुणेरी प्रश्न! भटकी कुत्री नाहीत. पाळलेली असतात, आणि मालक लांबूनच ओरडतो, "काही करत नाही हो!" हे वाक्य तिथेही तितकंच खरं असतं जितकं इथे. (हशा) मी कुत्र्यांना नाही, गोचिडींना घाबरतो. दोन्ही राज्यांत गोचिडीतून मेंदूज्वर होऊ शकतो, त्यावर लस आहे, तीन डोस, आणि ती घेऊनच धावा. लाइम आजारावर मात्र त्या लशीचा उपयोग नाही. त्यामुळे उंच गवतातून आलात की अंघोळीच्या आधी गुडघ्यामागे, जांघेत, कानामागे नीट बघायचं. कानामागचं बायको बघते.